पट्टीची रुंदी, पंगतीची लांबी

नव्या फ्लॅटच्या पॅसेजमध्ये कोणत्या मापाची पट्टी घालावी, असा प्रश्न हल्ली मला बरेच जण विचारतात. मी सोलापूरचा. त्यामुळे विणलेल्या कोणत्याही वस्तूची शंका माझ्याकडेच आणायची, असे मित्रमंडळींनी ठरवून टाकले आहे. दुकानदार या अरुंद, लांब सतरंजीला ‘रनर’ म्हणतात. आपण तिला पट्टी किंवा बस्करपट्टी म्हणत आलो. तिचे माप सांगायचे, तर ती रुंदी आणि ती लांबी आली कुठून हे आधी पाहायला हवे.

रुंदी आली मागातून. सोलापूरच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी माग वसवले. जुना माग खड्ड्याचा. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसणार, एका हाताने धोटा फेकणार आणि दुसऱ्या हाताने तो झेलणार. म्हणजे कापडाची रुंदी विणकराच्या दोन हातांच्या टप्प्यात राहणार. इंग्लंडातही हेच होते. तिथे रुंद कापड विणायला एका मागावर दोन माणसे बसत. १७३३ साली जॉन के याने दोरीच्या झटक्याने पळणारा धोटा काढला, तेव्हा ते काम एकट्याला जमू लागले. आपल्याकडची मधोमध शिवण असलेली जुनी पांघरुणे आठवा. दोन पट्ट्या जोडल्याशिवाय ती अंगभर पुरतच नसत.

पुढे १८६० साली सोलापूरला रेल्वे आली आणि १८७७ साली पहिली कापड गिरणी सुरू झाली. तिलाच आपण जुनी मिल म्हणतो. यंत्रमागाला हाताच्या टप्प्याची अट नाही. ज्या सोलापुरी चादरीला आज भौगोलिक मानांकन आहे, ती एकसंध आणि ऐसपैस निघते. मग पट्टी अरुंदच का राहिली? कारण तिचे माप मागाबरोबरच माणसाच्या मांडीनेही ठरवले होते.

मांडी घालून बसलेल्या माणसाला सव्वादोन फुटांच्या आसपास जागा लागते. आता जुनी मापे पाहा. चोवीस तसूंचा एक गज. मुंबई इलाख्यात हा गज सत्तावीस इंचांचा, म्हणजे दीड हाताचा, म्हणजेच बरोबर सव्वादोन फुटांचा होता. युरोपात फ्लँडर्सच्या विणकरांचे मापही सत्तावीस इंचांचेच. त्यामुळे विलायती जिन्यांवरचे गालिचे कित्येक वर्षे याच रुंदीचे निघत. या दोन मापांचा एकमेकांशी संबंध जोडायचे कारण नाही. पण माणसाचा देह दोन्हीकडे सारखाच, एवढे मात्र खरे.

रुंदीचे असे झाले. लांबी ठरवली पंगतीने. वीस फुटांच्या पट्टीवर नऊ माणसे बसतात, पाहुणे फार झाले तर दहा. घरात लग्नकार्य असले की यजमान फूट मोजत नसे, पाने मोजत असे. मात्र इथेच पट्टीचा इतिहास अवघड होतो. पट्टी कितीही लांब असली, तरी तिच्यावर कोण बसेल हे तिच्या लांबीवर ठरत नव्हते. जातीजातींच्या पंगती वेगळ्या होत्या. कित्येकांना तर पंगत उठल्यावर, अंगणाबाहेर, जमिनीवरच बसावे लागे.

शाळेतही तेच. १९०१ च्या सुमारास साताऱ्याच्या शाळेत लहान भीमराव आंबेडकरांना वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाटाचा वेगळा तुकडा असे. शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. तो तुकडा संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. एका मुलापुरता तुकडा, हे बसण्याचे किती क्रूर माप आहे!

त्यानंतर सहभोजनांची चळवळ झाली. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरला, विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. गावोगावच्या शाळांत मुले एका बस्करपट्टीवर शेजारी शेजारी बसली, ती अशा खटपटींनंतर. ज्या पट्टीला आपण किरकोळ वस्तू समजतो, तिच्यावर शेजारी बसण्याचा हक्क अनेकांना झगडून घ्यावा लागला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पॅसेज साडेतीन फूट रुंद असेल, तर पट्टी अडीच फुटांची घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा फूट फरशी दिसेल. तीन फुटांच्या पॅसेजला दोन फुटांची किंवा सव्वादोन फुटांची पुरे. लांबीतही दोन्ही टोकांना अर्धा फूट सोडा. पट्टीवर उघडणारे दार असेल, तर दाराखालची फट आधी मोजा, नाहीतर दार रोज पट्टीला घासेल. गुळगुळीत टाइल्सवर खाली न घसरणारे अस्तर हवेच. घरात म्हातारी माणसे असतील, तर याबाबत हयगय नको.

आणि माळ्यावर पंगतीची जुनी पट्टी असेल, तर पॅसेजच्या मापाने ती कापू नका. टोकाच्या गाठी आणि दशा बाण्याचे धागे धरून ठेवतात. कात्री लावली की कापलेल्या बाजूने ती उसवू लागते. मग ती दुमडून शिवावी लागते, आणि तिथे पायाला उंचवटा लागतो. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. पण ही पट्टी येणारी माणसे पाहून विणलेली आहे. पॅसेजसाठी नवी विकत घ्या. जुनी उन्हात घाला, झटका आणि गुंडाळून ठेवा. वर्षातून एकदा तरी घरात दहा माणसे एकत्र जेवायला बसतील, तेव्हा ती पुन्हा पूर्ण लांबीची लागणार आहे.