आगीपेक्षा धूर आधी गाठतो : स्मोक अलार्म कुठला घ्यायचा, कधी बदलायचा, जुना कुठे द्यायचा?

छत्रपती संभाजीनगर : ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे शहरातील छावणी भागात, दाणाबाजारातल्या एका टेलरिंग दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातील सात जणांचा जीव गेला. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचली नव्हती. ते गुदमरून गेले, असे पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितले.

खाली दुकान आणि वर घर, अशी घरे वैजापूर, गंगापूर, सिल्लोड, पैठणच्या बाजारपेठेतही सर्रास दिसतात. खेड्यात तर वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरातच भरून ठेवतात. कापूस आतल्या आत धुमसतो. जाळ दिसायच्या आधीच खोली धुराने भरते. वासाने जाग येईल या भरवशावर राहू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू माणसाला उलट गुंगी आणतो. म्हणून धूर ओळखून मोठ्याने वाजणारा स्मोक अलार्म हवा.

घेताना काय बघायचं?

• स्वतःचा भोंगा असलेला, बॅटरीवर चालणारा अलार्म घ्या. हॉटेल-ऑफिसातले बरेच डिटेक्टर पॅनेलला जोडल्याशिवाय वाजतच नाहीत. लाईट गेली तरी बॅटरीचा चालू राहतो.
• ‘फोटोइलेक्ट्रिक’ प्रकार मागा. धुमसणाऱ्या आगीचा धूर तो लवकर पकडतो.
• गॅस गळती यातून कळत नाही. तिचा अलार्म वेगळा असतो. सिलिंडरचा गॅस जड असल्यामुळे तो जमिनीलगत बसवतात.

कुठे बसवायचा?

झोपायच्या खोलीत, जिन्याच्या वर आणि कापूस किंवा माल ठेवलेल्या खोलीजवळ. धूर वर चढतो, म्हणून छतालाच लावा. भिंतीवर लावायचा तर छतापासून चार ते बारा इंच खाली. उतरत्या पत्र्याच्या घरात आढ्याच्या अगदी टोकाला नको, वीतभर खाली ठेवा. चूल, गॅस आणि देवघरापासून दहा फूट तरी लांब हवा. नाहीतर फोडणीच्या, उदबत्तीच्या धुराने तो सारखा वाजेल, आणि कंटाळून कुणीतरी बॅटरी काढून ठेवेल.

कधी बदलायचा?

महिन्यातून एकदा बटण दाबून वाजतो का बघा. धूळ कोरड्या फडक्याने पुसा. साधी बॅटरी वर्षातून एकदा बदला. दिवाळीची साफसफाई लक्षात राहायला सोपी. थांबून थांबून ‘टिक’ वाजत असेल तर बॅटरी संपत आली. मागे छापलेल्या तारखेपासून दहा वर्षे झाली की वाजत असला तरी नवा घ्या.

जुना कुठे द्यायचा?

घंटागाडीत टाकू नका, जाळू नका. बॅटरी काढून तिच्या टोकांना चिकटपट्टी लावा. अलार्म हा ई-कचरा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवा. विक्रेता परत घेतो का, ते आधी विचारा.

मागच्या बाजूला तीन पाकळ्यांचे किरणोत्सर्गाचे चिन्ह किंवा ‘अमेरिशिअम-२४१’ असं लिहिलेलं असेल, तर तो ‘आयोनायझेशन’ प्रकार. त्यात किरणोत्सर्गी पदार्थाचा अगदी बारीक अंश असतो. छताला आहे तोवर धोका नाही. पण फोडू नका, भंगारवाल्याला देऊ नका. अशा उपकरणांवर देशात अणुऊर्जा नियामक मंडळाचं नियंत्रण आहे. ते पुरवठादार किंवा कंपनीलाच परत करायचे. बंद कारखान्याच्या भंगारातून असा डिटेक्टर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

वाजला तर?

आधी सगळ्यांना उठवा. धूर असेल तर वाकून, नाका-तोंडावर ओलं फडकं धरून बाहेर पडा. पैसे, दागिने, कागदपत्रं घ्यायला परत आत जाऊ नका. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२ ला फोन लावा. गाव लांब असेल तर गाडी यायला वेळ लागतो. तोवर आत कुणी राहिलं नाही ना, हे बाहेरच डोकी मोजून बघा.