नायट्यावरील वनौषधी (पोशीर परिसर)

नायट्यावरील वनौषधी (पोशीर परिसर) : बुरशीजन्य त्वचारोगांवर रायगड जिल्ह्याच्या कर्जत–खालापूर पट्ट्यात परंपरेने वापरल्या जाणाऱ्या वनस्पती. उल्हासला मिळणाऱ्या पोशीर नदीचा हा परिसर भातशेतीचा असून येथे ठाकर व कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. जवळच कशेळे येथे अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासींसोबत वनौषधींवर काम केले आहे.

रोग : लावणीच्या दिवसांत पाय चिखलात व कपडे ओले राहतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. जांघेत, कमरेवर नायटा (गजकर्ण) उठतो. नायट्याची बुरशी त्वचेतील केराटिनवर जगते. खरूज मात्र किडीमुळे होते. तिला पुढील उपचार लागू नाहीत.

वनस्पती : टाकळा (सं. चक्रमर्द, एडगज, लॅ. सेना टोरा) पहिल्या पावसात माळावर उगवतो. कोवळ्या पाल्याची भाजी करतात. पुढे शेंगा वाळल्या की बिया काढून ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून नायट्यावर लावतात. चरकसंहितेच्या आरग्वधीय अध्यायातील लेपांतही एडगज आहे. बियांतील अँथ्राक्विनोन वर्गातील संयुगे प्रयोगशाळेत बुरशीरोधक ठरली आहेत. गजकर्णीची (लॅ. ऱ्हायनाकँथस नासुटस) पाने व मुळे लिंबाच्या रसात वाटतात, तिच्यातील ऱ्हायनाकँथिने बुरशीरोधक आहेत. चिखल्यांवर मेंदीचा पाला वाटून बांधतात. त्यातील लॉसोन हे रंगद्रव्यही बुरशीरोधक आहे. करंजाचे तेलही त्वचारोगांवर चोळतात.

मर्यादा व काळजी : प्रयोगशाळेतील गुण अंगावर तितकाच उतरेल, असे नाही. लेपातील औषधी द्रव्याचे प्रमाण बी, पाला व वाटण्याच्या रीतीनुसार बदलते. बिब्बा व लसूण यांनी कातडी भाजते. ते लावू नयेत. शिब्यावर (अंगावर फिकट डाग पाडणाऱ्या बुरशीजन्य रोगावर) तेल चोळू नये, कारण त्याची मॅलॅसेझिया बुरशी स्निग्ध पदार्थांवरच वाढते. पाय कोरडे ठेवणे व टॉवेल वेगळा वापरणे प्रत्येक उपचारासोबत हवेच.

खरा धोका पाल्यापेक्षा दुकानातून विचारून आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमांचा आहे. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी पसरत राहते व नायट्याची ओळखीची कडा पुसली जाते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. भारतात फैलावलेल्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या बुरशीला 2020 मध्ये हे नाव मिळाले. तिचे अनेक वाण टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधालाही दाद देत नाहीत. म्हणून पसरलेला, परतणारा किंवा लहान मुलाच्या डोक्यावरचा नायटा डॉक्टरांनाच दाखवावा व औषध सांगितलेले सर्व आठवडे घ्यावे. फिकट चट्टा बधिर असेल, तर लेप लावण्यात वेळ न दवडता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे; तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळेत घेतल्यास हातापायांची विकृती टळते.