ऑनलाइन परीक्षांतील बायोमेट्रिक ओळख पडताळणी
ऑनलाइन परीक्षा देणारी व्यक्ती नोंदणी केलेला उमेदवारच आहे, याची खात्री चेहरा, बोटांचे ठसे किंवा डोळ्यांतील बुबुळ यांसारख्या शारीरिक खुणांवरून करण्याच्या पद्धतीला बायोमेट्रिक ओळख पडताळणी म्हणतात. परीक्षा केंद्रावर हे काम प्रवेशद्वारापाशी होते, तर घरून दिलेल्या परीक्षेत संगणकाच्या किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याद्वारे केले जाते.

पार्श्वभूमी
कोविड-१९ साथीच्या काळात २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घेण्याविषयीची विद्यापीठ अनुदान आयोगाची भूमिका ग्राह्य धरली. त्यानंतर मुंबई विद्यापीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये या परीक्षा प्रामुख्याने ऑनलाइन घेतल्या. ठाणे जिल्हा या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येत असल्याने ठाकुर्ली, डोंबिवली व कल्याण येथील विद्यार्थ्यांनाही घरूनच परीक्षा द्यावी लागली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने २०२१ मध्ये कॅमेऱ्याद्वारे देखरेख असलेली ऑनलाइन परीक्षा घेतली.

कार्यपद्धती
नोंदणीच्या वेळी घेतलेल्या छायाचित्रातून चेहऱ्याची अंकीय रूपरेषा तयार केली जाते. परीक्षेच्या वेळी मिळालेली प्रतिमा तिच्याशी ताडून साम्याचा गुणांक काढतात. हा गुणांक ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असल्यास उमेदवार संशयित ठरतो. मर्यादा कडक ठेवल्यास खरे उमेदवार नाकारले जाण्याचा, तर शिथिल ठेवल्यास तोतया उमेदवार सुटण्याचा धोका वाढतो. दोन्ही चुका एकाच वेळी पूर्णपणे टाळता येत नाहीत.

विद्यार्थ्यांची भूमिका
या पद्धतीविषयी विद्यार्थ्यांमध्ये एकमत नाही. समर्थन करणाऱ्यांच्या मते, दुसऱ्याच्या नावाने परीक्षा देण्याच्या प्रकारांमुळे प्रामाणिक विद्यार्थ्याचे नुकसान होते व पदवीची विश्वासार्हता घटते. मध्य प्रदेशातील व्यापमं घोटाळ्यात तोतया उमेदवारांचा प्रश्न ठळकपणे पुढे आला होता.

आक्षेप मुख्यतः तीन प्रकारचे आहेत. पहिला, खासगीपणाचा: संकेतशब्द बदलता येतो, बोटाचा ठसा बदलता येत नाही, त्यामुळे माहिती फुटल्यास होणारी हानी कायमची ठरते. दुसरा, अचूकतेचा: अपुरा प्रकाश, जुना फोटो, मेंदी किंवा कष्टाच्या कामाने झिजलेले ठसे यांमुळे खरा विद्यार्थीही अडकू शकतो. जॉय बुओलामविनी व टिमनिट गेब्रू यांच्या २०१८ च्या अभ्यासात, चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या प्रणालींचे चुकीचे प्रमाण गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत आढळले. हा अभ्यास ओळख पडताळणीचा नसला, तरी वर्णानुसार अचूकता बदलते हे त्याने दाखवले. तिसरा आक्षेप परिस्थितीचा आहे: एका खोलीत कुटुंब राहत असल्यास कॅमेऱ्यासमोर दुसरी व्यक्ती येणे, खंडित वीजपुरवठा किंवा मंद इंटरनेट यांची नोंदही संशयास्पद वर्तन म्हणून होऊ शकते.

कायदेशीर बाजू
सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालानुसार सीबीएसई, नीट, जेईई व विद्यापीठ अनुदान आयोग यांना आधार सक्तीचे करता येत नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी सामान्यतः पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांना बसणारे अनेक उमेदवार याच वयोगटातील असल्याने ही तरतूद महत्त्वाची ठरते. अमेरिकेत ओहायो राज्यातील संघीय न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये, ऑनलाइन परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याच्या खोलीचे कॅमेऱ्याने केलेले निरीक्षण घटनाबाह्य ठरवले.

पर्याय
छायाचित्रासह ओळखपत्राची पर्यवेक्षकाकडून तपासणी, तोंडी परीक्षा, प्रकल्प व पुस्तक उघडे ठेवून देण्याची परीक्षा हे पर्याय सुचवले जातात. बायोमेट्रिक पद्धत वापरल्यास यंत्राने संशयित ठरवलेल्या प्रत्येक प्रकरणाची मानवी फेरतपासणी, दाद मागण्याची सोय आणि निकालानंतर विदा नष्ट करण्याची मुदत असावी, अशी अपेक्षा व्यक्त होते.