बार्तेलेमी बोगांदा : जिंकलेल्या तीन निवडणुका आणि हुकलेली चौथी

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक म्हटले की बहुतेकांना आठवतो बोकासा आणि १९७७ मधला त्याचा राज्याभिषेक. आजचा धागा बोकासाच्याच नात्यातल्या, पण अगदी वेगळ्या वळणाच्या माणसाविषयी आहे.

बार्तेलेमी बोगांदा यांचा जन्म १९१० चा, लोबाये खोऱ्यातल्या बोबांगी गावचा. उबांगी-शारी ही तेव्हा फ्रेंच वसाहत होती. सवलतदार कंपन्या रबरासाठी गावेच्या गावे राबवून घेत. लहानपणीच पोरके झालेले बोगांदा मिशनऱ्यांकडे वाढले आणि १९३८ मध्ये या वसाहतीतले पहिले आफ्रिकी कॅथलिक पाद्री झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहतींना पॅरिसच्या संसदेत जागा मिळाल्या, पण मतदारांचे दोन वर्ग ठेवून. फ्रेंच नागरिकांचा एक, आफ्रिकी जनतेचा दुसरा. विभक्त मतदारसंघ आपल्याला परिचित आहेत. इथे विभाजनाचा निकष धर्म नसून नागरिकत्वाचा दर्जा होता, इतकेच. आफ्रिकी वर्गातही मताधिकार मोजक्यांनाच होता. १० नोव्हेंबर १९४६ रोजी याच दुसऱ्या वर्गातून, चर्चच्या पाठिंब्यावर, बोगांदा निवडून आले. पराभूतांमध्ये फ्रेंच विषुववृत्तीय आफ्रिकेचे माजी गव्हर्नर-जनरल रेस्त होते! नवे खासदार पाद्र्याच्या झग्यातच पॅरिसला पोहोचले.

सक्तीची मजुरी त्याच वर्षी कायद्याने रद्द झाली होती. कापसाच्या शेतांवर मात्र जुनीच रीत चालू होती. पॅरिसमधल्या भाषणांनी ती बदलेना, तेव्हा बोगांदा यांनी गावाकडे मोर्चा वळवला. १९४८ मध्ये सहकारी संस्था, १९४९ मध्ये ‘मेसान’ हा पक्ष. ‘झो क्वे झो’, म्हणजे प्रत्येक माणूस हा माणूसच, हे त्यांचे सांगो भाषेतले सूत्र. पुढे एका फ्रेंच स्त्रीशी विवाहाचा निर्णय घेतल्याने पाद्रीपदही गेले. म्हणजे ज्या चर्चने निवडून आणले तेही आता विरोधात.

जानेवारी १९५१ मध्ये बोकांगा येथील बाजारातल्या वादात पडल्याबद्दल त्यांना सपत्नीक अटक झाली आणि न्यायालयाने दोन महिन्यांची कैद सुनावली. माझ्या मते प्रशासनाने त्यांचा इतका उत्तम प्रचार दुसऱ्या कुणी केला नसता. त्याच मे महिन्यातल्या कायद्याने मतदारयादी रुंदावली. त्यातली एक तरतूद आज विचित्र वाटते : दोन अपत्यांच्या मातांना मताधिकार! प्रशासन आणि मिशन दोन्ही विरोधात असताना जूनमध्ये बोगांदा पुन्हा निवडून आले, निम्म्याच्या आसपास मते घेऊन.

नंतरची कलाटणी बर्बेराती शहरातली. एप्रिल १९५४ मध्ये एका युरोपीय मालकाकडच्या आफ्रिकी स्वयंपाक्याचा आणि त्याच्या पत्नीचा मृत्यू झाला; संतप्त जमाव रस्त्यावर आला. शासनाला अखेर बोगांदा यांनाच बोलवावे लागले. गोऱ्यांना आणि काळ्यांना न्याय एकच असेल, हा त्यांचा शब्द जमावाने मानला. जानेवारी १९५६ मध्ये त्यांना ८० टक्क्यांहून अधिक मते मिळाली. त्याच वर्षी ते बांगीचे महापौरही झाले. १९५७ मध्ये, सार्वत्रिक मताधिकार आल्यावर आणि दोन वर्ग रद्द झाल्यावर, प्रादेशिक सभेच्या सर्व जागा मेसानने जिंकल्या. एवढ्या निर्विवाद विजयात पुढच्या संकटाचे बीज होते. सभागृहात विरोधी बाक उरलाच नाही.

‘मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक’ हे नावही मुळात एका प्रदेशापुरते नव्हते. फ्रेंच विषुववृत्तीय आफ्रिकेचे चारही प्रदेश एकत्र राहावेत, ही बोगांदा यांची धडपड होती. शेजाऱ्यांनी नकार दिला, आणि १ डिसेंबर १९५८ रोजी ते मोठे नाव एकट्या उबांगी-शारीला मिळाले.

नव्या राज्याची निवडणूक ५ एप्रिल १९५९ रोजी ठरली होती. २९ मार्चला बर्बेरातीहून बांगीला निघालेले बोगांदा यांचे विमान कोसळले. विमानातले कुणीही वाचले नाही. घातपाताची शंका तेव्हापासून घेतली जाते, पण ती सिद्ध झालेली नाही. ठरल्या दिवशी मतदान झाले आणि मेसानने ५० पैकी ४८ जागा घेतल्या. बोगांदा यांचे निकटचे सहकारी आबेल गुम्बा यांना मागे सारून नेतृत्व दाविद दाको यांच्याकडे गेले. १३ ऑगस्ट १९६० रोजी देश स्वतंत्र झाला. दोन वर्षांनी इतर सर्व पक्षांवर बंदी आली. शिल्लक ठेवलेला एकमेव पक्ष होता मेसान.