चारठाणा

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील यादवकालीन वास्तूंसाठी प्रसिद्ध असलेले गाव. जालन्याहून मंठामार्गे जिंतूरकडे जाताना हे गाव लागते. चारठाणकर हे आडनाव या गावावरूनच आले. औंढा नागनाथसारखी एकच मोठी वास्तू पाहून परत फिरावे, असे हे ठिकाण नव्हे. येथे मंदिरे, कुंड, कोरीव स्तंभ आणि सुटे शिल्पखंड घरांच्या, गोठ्यांच्या अधेमधे विखुरलेले आहेत. ते पाहायचे तर सारे गाव पायी हिंडावे लागते.

नावाच्या उगमाविषयी एकमत नाही. कोणी ‘चारुक्षेत्र’ हे मूळ नाव मानतात, तर कोणी चार ठाणी सांगतात. दुसऱ्या व्युत्पत्तीला पुरावा नाही. गावात आज ठाणे आहे ते पोलिसांचे, आणि तेही एकच. गावात पूर्वी 360 मंदिरे आणि तितक्याच विहिरी होत्या, असेही परंपरा सांगते. हा आकडा मोजणीचा नाही. चांद्रवर्षाच्या तिथी 360, म्हणून रोज एका देवाचे दर्शन आणि एका विहिरीचे स्नान असा त्यातला भाव. मराठवाड्यातल्या इतर जुन्या गावांबद्दलही अशा कथा ऐकायला मिळतात. तरीही आकड्यामागची आठवण खोटी ठरत नाही. घरांच्या जोत्यांत आणि ओट्यांना लावलेले कोरीव दगड पाहिले की येथे एके काळी मोठी वस्ती होती, हे कळते.

देवगिरीच्या यादवांचा काळ, म्हणजे ढोबळमानाने 12वे-13वे शतक, हा येथील बांधकामाचा काळ मानला जातो. या मंदिरांना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतात. हा शब्द ज्याच्या नावावरून आला तो हेमाद्री हा महादेव (1261–1271) आणि रामचंद्र (1271–1311) या यादव राजांचा मंत्री. या धाटणीची कितीतरी मंदिरे त्याच्या आधीच उभी राहिली होती. त्यामुळे हा शब्द काळ सांगत नाही, फार तर बांधण्याची रीत सांगतो. जिंतूरच्या डोंगररांगांत काळा बसाल्ट मुबलक. त्याचे चिरे घडवायचे, खाचा-कुसू पाडून एकमेकांत बसवायचे आणि चुना न वापरता केवळ वजनावर तोलायचे, ही ती रीत. एक चिरा ढळला की शेजारचे सैल होतात. मग पावसाचे पाणी आत शिरते आणि पिंपळाची मुळे उरलेले काम करतात. चारठाण्याच्या पडझडीत हेच दिसते.

गोकुळेश्वर मंदिर व त्याची पुष्करणी हा गावातील सर्वांत देखणा वास्तुसमूह. पायऱ्यांनी खाली उतरत जाणाऱ्या कुंडाच्या भिंतींत देवकोष्ठे आहेत. शिल्पग्रंथांत बारवांची, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींची, नावे प्रवेशमार्गांवरून पडतात : एक मार्ग असेल तर नंदा, दोन असतील तर भद्रा, तीन असतील तर जया, चार असतील तर विजया. यादवकाळात मंदिराजवळ पाणी साठवणे हा धर्माचा भाग होता आणि सोयीचाही. बसाल्टच्या मुलखात पाणी खडकाच्या भेगांतून झिरपते, उन्हाळ्यात खोल जाते, म्हणून पायऱ्या. पातळी जशी उतरेल तसा घागर घेऊन माणूसही खाली उतरत जातो.

गावातला उंच कोरीव स्तंभ अधिक वादाचा. लोक त्याला दीपमाळ म्हणतात, काही अभ्यासक जैन मंदिरासमोरचा मानस्तंभ मानतात. महाराष्ट्रातल्या सर्वपरिचित दीपमाळा बहुतांशी मराठेशाहीतल्या, दिव्यांसाठी दगडी हात बाहेर काढलेल्या. हा स्तंभ मात्र यादवकालीन खांबांच्या घडणीचा आहे. जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात दिगंबर जैन लेणी असल्याने मानस्तंभाची कल्पना अस्थानी वाटत नाही. ती सिद्ध झाली, असे मात्र म्हणता येणार नाही.

जोडमहादेव आणि उकंडेश्वर ही आणखी दोन शिवस्थाने. उकंडेश्वर हे नाव मुद्दाम थांबून ऐकावे असे आहे. उकंडा म्हणजे उकिरडा. मूल जगत नसले की नव्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून उकंडा, उकर्डा असे नाव ठेवण्याची चाल या भागात होती. देवाच्या नावामागे उकिरड्यात गाडले गेलेले मंदिर आहे की तीच दृष्ट टाळण्याची युक्ती, हे नावावरून ठरत नाही; पण हे नाव खास या मातीतले आहे, यात शंका नाही.

परभणी जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे पुरातत्त्व खाते 1914 साली स्थापन झाले. गुलाम यझदानी त्याचे प्रमुख होते. खात्याचे नाव गाजले ते मुख्यतः अजिंठ्याच्या कामाने. चारठाण्यासारख्या गावांचा नंबर मागेच राहिला.

अलीकडे बारवांकडे नव्याने लक्ष गेले. राज्यभर स्वयंसेवक आणि गावकरी मिळून गाळ व झुडपे काढू लागले, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावू लागले. टपाल खात्याने महाराष्ट्रातील 8 बारवांची चित्र-पोस्टकार्डे काढली, त्यांत चारठाण्याची बारव होती. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव आणि परभणीजवळच्या पिंगळीची बारव याही त्याच संचात आहेत. चारठाण्याला येणाऱ्याने वालूरही पाहावे : चारठाण्याच्या पायऱ्या थेट पाण्याकडे नेतात, वालूरच्या गोल फिरवत नेतात. गोदाकाठी, गंगाखेड तालुक्यातल्या धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर मात्र वेगळा दिवस राखून पाहायचे.