अंगण नसलेली अंगणवाडी

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी कोपरीतील आजारी मंडळींना कम्युनियन देण्यासाठी आम्ही ज्या गल्लीतून जातो, त्या गल्लीत एका खोलीवर 'अंगणवाडी' अशी पाटी आहे. खोली दहा बाय बाराची असावी. एक खिडकी, एक पंखा, भिंतीवर फळाफुलांची चित्रे आणि सतरंजीवर बसलेली पंधरावीस बाळे. सेविकाबाई मनापासून काम करतात. त्यांच्याविषयी आमची कसलीच तक्रार नाही. परंतु खोलीचे दार उघडले की समोर गटारावरची फरशी, तिच्यावर ओळीने लावलेल्या स्कूटरी आणि पलीकडे दुसऱ्या इमारतीची भिंत. अंगणवाडी आहे, अंगण तेवढे नाही.

आज देशभर रूढ झालेला हा शब्द आपल्याच ठाणे जिल्ह्यात जन्मास आला, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर वेगळा झाला; पण या कथेच्या काळी बोर्डी आणि कोसबाड ही गावे ठाणे जिल्ह्यातच मोडत होती. कोपरीच्या पाटीचे मूळ शोधीत आम्ही निघालो तो समुद्रकाठच्या या बोर्डीला जाऊन पोहोचलो.

१९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, तेव्हा त्यांच्या वयाची त्रेपन्न वर्षे उलटली होती. त्यांचे नाव शिक्षणक्षेत्रात आधीच झालेले होते. गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली त्यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला होता, 'शिक्षणपत्रिका' चालविली होती, १९३६ पासून दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांचा शिशुविहार नावारूपाला आला होता. या साऱ्या कार्यामागे प्रेरणा होती ती मारिया माँटेसरी या इटालियन विदुषीची. माँटेसरीबाई कॅथलिक होत्या, हे आमच्यापैकी कितीजणांना माहीत आहे? पेशाने त्या डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे प्रभुप्रकटीकरणाच्या सणादिवशी, रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर जात आणि मागे मुले इमारतीच्या जिन्यांत व भिंतींवर धुमाकूळ घालीत, म्हणून मालकांनी ती खोली देऊ केली होती. खोलीला लागून मोकळी जागा असावी आणि मुलाला आपल्या मर्जीने आतबाहेर करता यावे, असा माँटेसरीबाईंचा आग्रह असे. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांना हिंदुस्थानातच अडकून पडावे लागले आणि १९३९ ते १९४६ ही वर्षे त्यांनी या देशात शिक्षक घडविण्यात घालविली.

पण या पद्धतीची साधने महाग होती. तिचा लाभ शहरातील सुखवस्तू घरांतील मुलांनाच प्रामुख्याने मिळे. गांधीजींनी १९३१ साली लंडनमध्ये माँटेसरीबाईंच्या प्रशिक्षण केंद्रात बोलताना ही विद्या गरिबांच्या मुलांपर्यंत जावी, अशी इच्छा बोलून दाखविली होती. ताराबाई बोर्डीला गेल्या त्या याच विवंचनेने. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या. पुणे जिल्ह्यातील मोरगावची ही मुलगी तेराव्या वर्षी विवाहित आणि काही महिन्यांतच विधवा झालेली. पुढे शिकून शिक्षिका झाली आणि उरलेले सारे आयुष्य तिने या भागातील मुलांना दिले.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, परंतु ज्यांच्यासाठी ती काढली ती मुले तिच्याकडे फिरकेनात. हरिजन व आदिवासी वस्तीतील आयांना गावातल्या त्या स्वच्छ इमारतीत मूल पाठविण्याचा संकोच वाटे. काहींना तेवढी फुरसतही नव्हती. अशा वेळी शिक्षणसंस्था सहसा पालकांच्या अज्ञानाला दोष देऊन मोकळ्या होतात. ताराबाईंनी तसे केले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागली. कोणाच्या तरी शेणाने सारवलेल्या अंगणात मुले जमत. आधी हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. चिंचोके, शंख, शिंपले, पाने, गोटे हीच साधने. दारात उभ्या राहून आया हे सारे पाहत, आणि मुलाबरोबर त्याही शिकत. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी.

या प्रयत्नाचा काळ ध्यानात घेतला पाहिजे. त्याच १९४५ च्या मे महिन्यात झरी येथील किसान सभेच्या परिषदेत जमलेल्या वारल्यांनी यापुढे वेठ करणार नाही असा निर्धार केला होता. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती हकिकत सांगितली आहे. ज्या मुलांच्या नखांची काळजी अनुताई वाहत होत्या, त्यांचे आईबाप सावकार-जमीनदारांच्या शेतावर राबत होते, आणि मुले स्वतः गुरांमागे रानात असत.

१९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची सांगड घालणारी 'विकासवाडी' उभी राहिली. पाळणाघर कशासाठी? कडेवर धाकटे भावंड असलेली सात वर्षांची मुलगी शाळेत बसणार कशी, म्हणून. आणि जी मुले गुरे चारायला जात, त्यांच्यासाठी निघाली 'कुरणशाळा'. मुले कुरणावर, म्हणून शिक्षकही कुरणावर. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली जमली आहेत, जमिनीवर काटकीने अक्षरे उमटताहेत, खड्यांनी बेरीज चालली आहे. मध्येच एखादी गाय शेतात शिरली की तिला हाकण्यासाठी वर्ग उठून जातो. शाळेच्या घंटेपुढे जगाला वाकविण्याची सवय झालेल्या आमच्यासारख्यांना हे चित्र पचविणे अवघड जाते. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या. अनुताई १९९२ पर्यंत होत्या.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, शालापूर्व शिक्षण असे सारे एका ठिकाणी द्यावयाचे होते. त्या ठिकाणाला नाव दिले गेले अंगणवाडी. नाव देशभर गेले. अंगण मात्र जेथे होते तेथेच उरले; शहरात तर ते भाड्याच्या खोलीत शिरताना उंबऱ्याबाहेरच राहून गेले.

कुरणशाळेविषयी वाचताना आम्हाला राहून राहून तुरीन शहरातील एका कुरणाची आठवण होत होती. संत डॉन बॉस्कोंचे नाव कोणत्याही कॅथलिक कुटुंबाला नवे नाही. त्यांच्या संस्थेचे धर्मगुरू १९०६ साली भारतात आणि १९२८ साली मुंबईत आले, त्यांच्या शाळा व मैदाने आपण पाहिली आहेत. पण मैदान मिळण्यापूर्वीची त्यांची वणवण फारशी सांगितली जात नाही. ८ डिसेंबर १८४१ रोजी एका पोरक्या गवंडीकाम करणाऱ्या मुलापासून त्यांचे कार्य सुरू झाले. मुले वाढली तसा गोंगाट वाढला. १८४५ साली दफनभूमीलगतच्या एका चर्चच्या आवारात ती खेळू लागली, तर तेथील धर्मगुरूंच्या घरचे काम पाहणाऱ्या बाईंनी आकांत मांडला आणि एका रविवारीच मुक्काम हलवावा लागला. गिरणीजवळ गेले, तेथेही तक्रारी. अखेर फिलिप्पी बंधूंचे एक कुरण भाड्याने घेतले. मुलांच्या पायांनी गवताची मुळे मरत आहेत असे म्हणून मालकांनी तेही सोडावयास सांगितले. १८४६ च्या झावळ्यांच्या रविवारी, कुरणावरच्या त्या शेवटच्या संध्याकाळी, डॉन बॉस्को एका कडेला जाऊन रडले. त्याच दिवशी पिनार्दी नावाच्या गृहस्थाच्या पडवीची वार्ता आली आणि १२ एप्रिलला, ईस्टरच्या सकाळी, तिच्यात पहिली मिस्सा झाली. पडवीबरोबर सभोवतालची मोकळी जागाही त्यांनी आवर्जून घेतली होती. मुलांना खेळावयास जागा नसेल तर नुसते प्रार्थनामंदिर घेऊन काय करावयाचे, हा त्यांचा रोखठोक हिशेब होता.

मोकळ्या जागेचा आणि शरीराच्या आरोग्याचा संबंध आमच्या महाराष्ट्रात फार पूर्वी दिसून आला होता. १९२२ साली हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी नाशिककडील मुलांतील मुडदूस या रोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुस्थितीतील, परंतु पडद्याच्या रूढीमुळे घरात कोंडलेल्या कुटुंबांतील तान्ह्या मुलांची हाडे वाकत होती. आणि ज्यांच्या पोटाला धड मिळत नव्हते, पण आईबरोबर दिवसभर उघड्यावर असत, त्या गरिबांच्या मुलांत हा रोग आढळत नव्हता. खाण्याची उणीव परवडली, उन्हाची नाही, असा तो अजब निकाल होता. आज पडद्याची रूढी ओसरली. तिची जागा दुसऱ्या पडद्याने घेतली आहे आणि तो मुलाच्या हातातच असतो. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगत आहे की, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी अंगमेहनतीची हालचाल हवी. तैवानमध्ये चष्मा लागणाऱ्या मुलांची संख्या पाहून २०१० पासून शाळांनी मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर काढावे असा कार्यक्रम आखला गेला. बाहेरच्या उजेडाने डोळ्याचा बुबुळामागील वाढता लांबटपणा रोखला जातो, असे तज्ज्ञांचे मत आहे.

आता कोपरी. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, तेव्हा रुळांच्या पूर्वेला खाडी, मिठागरे, कोळी-आगरी वस्ती आणि भातखाचरे होती. फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबे येथे वसली. नंतर चाळी, चाळींनंतर इमारती, आता इमारतींच्या जागी मनोरे. चेंदणी कोळीवाड्यातील वयस्क मंडळी आपण खाडीत पोहायला शिकलो असे सांगतात. आजच्या खाडीत नातवाला उतरविण्याचे धाडस त्यांच्यापैकी कोणी करणार नाही. याच खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली रामसर यादीत खाडीचे नाव गेले. आम्हाला त्याचा आनंदच आहे. पाहुण्या पक्ष्यांना उभे राहण्यास जागा लागते, हे आपल्याला उमगले. आमच्या धर्मग्रामातील दहा वर्षांच्या मुलांविषयी तेवढे उमगले आहे की नाही, याची शंका वाटते.

आणि येथे आम्हाला स्वतःविषयी सांगणे भाग आहे. सेमिनरीत असताना आम्हाला रोज संध्याकाळी खेळ सक्तीचा होता. चेंडूमागे धावण्याचा आम्हाला कंटाळा होता तरी पळावे लागे, आणि आज पन्नाशी उलटल्यावरही गुडघे जिने चढतात याचे श्रेय त्या सक्तीला द्यावे लागते. असे असूनही, या धर्मग्रामात आल्यावर दुसऱ्याच वर्षी चर्चच्या अंगणात 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी आम्हीच लावून घेतली. निमित्त होते खिडकीची फुटलेली काच. काच तीनशे रुपयांत बसली. पाटी सहा वर्षे राहिली. मुले गेली, त्या जागी मोटारी आल्या; रविवारी मिस्सेला येणाऱ्यांच्या, आणि हळूहळू आठवडाभर शेजारच्या इमारतीतल्यांच्याही. तुरीनच्या त्या घरकाम पाहणाऱ्या बाईंची गोष्ट आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात कितीदा तरी हसत हसत सांगितली होती.

गेल्या ईस्टरनंतर पाटी काढली. सायंकाळी पाच ते सात अंगणात मोटार लावावयाची नाही, असा नियम केला. पहिले काही दिवस कोणी आलेच नाही. मुले आली ती अंगणाच्या कट्ट्यावर ओळीने बसून मोबाइल पाहू लागली. खेळही विसरावा लागतो हे आम्हाला ठाऊक नव्हते. मग आमच्या सेनॅकलमधील एका आजीबाईंनी खडूने फरशीवर लंगडीचे घर आखले आणि पदर खोचून स्वतः दोन घरे खेळून दाखविली. त्या संध्याकाळी अंगण भरले. आता लगोरी आहे, आट्यापाट्या आहेत, टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट तर आहेच. सहावीसातवीपुढच्या मुली मात्र येत नाहीत. शिकवणीची वेळ असते, असे त्यांच्या आया सांगतात. मुलग्यांची शिकवणी त्याच वेळी कशी नसते, हे आम्ही विचारले. उत्तर मिळाले नाही.

तक्रारीही आल्या आहेत. काही ज्येष्ठांना संध्याकाळच्या रोझरीच्या वेळी गलका सोसत नाही. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. जखऱ्या संदेष्ट्याने पुन्हा वसलेल्या यरुशलेमेचे चित्र रेखाटले तेव्हा हाती काठी घेतलेले वृद्ध आणि खेळणारी मुले-मुली यांना एकाच रस्त्यावर आणले, एवढे आम्ही त्यांना सांगितले; रोझरी अर्धा तास पुढे ढकलली. मोटारवाल्यांची अडचण मोठी आहे. कोपरीत गाडी लावावयाची कोठे, हा प्रश्न खरा आहे आणि त्यांपैकी बरेचजण चर्चला उदारपणे देणारे आहेत. पुढील महिन्यात पॅरिश कौन्सिलची बैठक आहे. अंगणाचा अर्धा भाग कायमचा वाहनतळ करावा, असा एक लेखी ठराव आमच्याकडे आला आहे. त्याच बैठकीत दुसरी सूचना आम्ही मांडणार आहोत : त्या गल्लीतील अंगणवाडीच्या बाळांना रोज सकाळी दहा ते अकरा चर्चचे अंगण वापरू द्यावे. ती बाळे कोणत्या धर्माची, हे आम्ही विचारलेले नाही. सेविकाबाईंशी बोलणे झाले आहे. रस्ता ओलांडताना सोबतीला दोन माणसे मिळाली तर त्या यावयास तयार आहेत. दोन नावे मिळाली आहेत. त्यांतील एक लंगडीच्या आजीबाईंचे आहे.