अब्बांचा चेहरा आणि बिटरेटचा हिशोब

आपाच्या निकाहच्या दोन व्हीएचएस कॅसेट आमच्या घरी होत्या. मिळून चार तासांचं चित्रण. अब्बांच्या इंतकालनंतर मी त्या डीव्हीडी करायला एका दुकानात दिल्या. ‘एकाच डिस्कमध्ये बसवून देतो, सर,’ असं तो म्हणाला. पैसे वाचले म्हणून मीही खूश. घरी लावली, तर रुखसतीच्या वेळी अब्बांच्या चेहऱ्यावर चौकोनच चौकोन. अम्मी काही न बोलता उठून आत गेल्या.

त्या चौकोनांना इतिहास आहे. टीव्हीचं डिजिटल चित्र जसंच्या तसं साठवायचं, तर सेकंदाला सुमारे 16 कोटी बिट लागतात. ते आटवण्याची युक्ती बंगळुरूत जन्मलेल्या प्रा. नासिर अहमद यांना सुचली. चित्राचे लहान चौकोन करायचे आणि प्रत्येकाचं गणित असं मांडायचं, की महत्त्वाचं थोड्या आकड्यांत गोळा होईल. 1972 मध्ये त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे यासाठी निधी मागितला. तो मिळाला नाही. एका परीक्षकाला कल्पना फारच साधी वाटली, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. तरी त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध 1974 मध्ये छापून आला. आपल्या मोबाइलमधला जेपीईजी फोटो, व्हीसीडीचं एमपीईजी-1 आणि डीव्हीडीचं एमपीईजी-2 ही सगळी त्याच ‘साध्या’ कल्पनेवर उभी आहेत.

पण युक्तीलाही मर्यादा असते. बिट कमी दिले की बारकावे आधी जातात आणि मग चौकोनांच्या कडा उघड्या पडतात. 1993 च्या व्हीसीडीत चित्राला सेकंदाला साडेअकरा लाख बिट मिळत. 1996 मध्ये जपानमध्ये डीव्हीडी विक्रीला आली, तेव्हा ही मर्यादा 98 लाखांपर्यंत गेली. डिस्क मात्र 4.7 अब्ज बाइटची, म्हणजे 37.6 अब्ज बिटची. आता सातवीचा भागाकार करा. दोन तासांचे सेकंद 7200; प्रत्येकाच्या वाट्याला 52 लाख बिट. आवाजाचे दोन लाख आणि थोडी मोकळी जागा सोडली, तर चित्राला 48 लाख उरतात. चार तास कोंबले की वाटा निम्मा होतो. तासाभराचं चित्रण असेल, तर 80 लाख पुरे. त्याहून जास्त दिल्यास काही जुने प्लेअर अडखळतात.

बिट सगळीकडे सारखे वाटणंही शहाणपणाचं नाही. काझीसाहेब खुतबा वाचतात तेव्हा चित्र स्थिर असतं. तिथे थोडे पुरतात. रुखसतीची गर्दी, झगमगत्या माळा, हलणारा कॅमेरा इथे जास्त लागतात. म्हणून व्हेरिएबल बिटरेट आणि टू-पास निवडावं. सॉफ्टवेअर आधी सगळं चित्रण तपासतं आणि मगच वाटणी करतं.

अम्मींनी कॅसेट फेकू दिल्या नव्हत्या, हे आमचं नशीब. मी शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या संगणकावर बसून त्या पुन्हा उतरवल्या. या वेळी दोन डिस्क केल्या. कॅसेटचा मुळातला धूसरपणा राहिलाच, पण चौकोन गेले.

एकदा टाकून दिलेले बिट परत मिळत नाहीत. त्यामुळे डिस्क कितीही चांगली निघाली, तरी मूळ कॅसेट जपा. आमच्या दोन्ही कॅसेट आजही अम्मींच्या कपाटात आहेत.